खुर्चीला दाखवलेलं मुखपृष्ठ

परबकाकांच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसायचं नाही, हे मला पहिल्याच दिवशी तिच्यावर बसल्यावर कळलं. "उठ! आधी उठ!" काका असे ओरडले की मी बॅग तिथेच टाकून दारापाशी पोचले. मागे वळून बघते तर खुर्चीवर कोणी नाही, काही नाही!

चारकोपच्या एका गाळ्यात आमचं प्रकाशन. मी दहिसरहून तिथे इंटर्न म्हणून जायचे, पुस्तकांची कव्हरं करायला. शिकवणार परबकाका. उभा जन्म मुंबईत गेला, बोलणं अजून पक्कं मालवणी.

त्यांची तऱ्हा ऐका. कव्हर झालं की त्याचा प्रिंट जुन्या पुस्तकाला गुंडाळायचा, ते त्या रिकाम्या खुर्चीवर उभं करायचं, पंखा बंद करायचा आणि सगळ्यांना बाहेर काढायचं. दहा मिनिटांनी दार उघडून निकाल : "तिका दिसाक नाय. परत कर."

तिका म्हणजे कोणाला, हे विचारायची माझी काय टाप!

माझी तीन कव्हरं अशी उडाली. कादंबरी खाडीकाठच्या घराची, मी झकास धुकं टाकलेलं.

"धुक्यात काय आसा?"

"काही नाही काका, मूड आहे."

"मगे तिका काय मूड सांगू?"

वाट लागली. शुक्रवारी फाइल प्रेसला जाणार होती. तोवर होकार नाही आला तर विकतचा फोटो लागणार आणि आतल्या पानावर माझं नाव येणार नाही. आईला तर मी आधीच सांगून बसले होते.

गुरुवारी चौथं दिलं, त्यात धुक्याऐवजी घराचं दार होतं, आणि गाळ्याच्या बंद दाराला कान लावला. आत काका बोलत होते. आणि एक बाई.

"दार उघडा आसा काय बंद?" बारीक, खरखरीत आवाज.

"उघडा आसा गो."

अंगावर सर्रकन काटा आला. मी फटीतून पाहिलं. खुर्ची रिकामीच होती. दोन्ही आवाज काकांच्याच तोंडून येत होते. मग बाईचा आवाज मध्येच अडकला. काकांनी घसा खाकरला, पुन्हा सुरुवात केली. जमेना.

"काकींचा आवाज," मागून मॅडम, म्हणजे आमच्या प्रकाशिका, हळूच म्हणाल्या. "शेवटची पाच वर्षं त्यांना दिसत नव्हतं. काका घरी जाऊन नवं कव्हर तोंडाने सांगायचे. त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं तरच छापायला द्यायचे. दोन वर्षं झाली काकींना जाऊन."

मी दार ढकललं. काका खुर्चीपुढे जमिनीवर बसले होते.

"तिचो आवाज आठवणा नाय गो, चेडवा," ते म्हणाले. "आज पयल्यांदाच."

माझं नाव, शुक्रवार, सगळं डोक्यातून गेलं. मी भुतंबितं मानत नाही, पण शेजारी मांडी घातली आणि खुर्चीला सांगायला लागले.

"काकी, संध्याकाळ आहे. भरतीचं पाणी पायरीला लागलंय. दार उघडं आहे. उंबऱ्यात एक बाई उभी आहे, आपल्याकडे पाठ करून. तिच्या हातात कंदील आहे."

काकांनी डोळे मिटून घेतले.

"कंदील पेटलेलो आसा काय विझलेलो?"

तोच बारीक, खरखरीत आवाज. काकांचे ओठ हलले की नाही, मी बघितलं नाही. मला बघायचंच नव्हतं.

"पेटलेला आहे, काकी."

"मगे दिसला गो माका."