फाटकाचं घड्याळ

"बाबुलाल रात्री दीडला फाटक उघडते, मालक!" बाभुळगावच्या जिनिंग कारखान्याचे मॅनेजर चंद्रशेखर यांनी कागद पुढे सरकवला. "रोज! कॉम्प्युटर सांगून राह्यला. रात्री कापूस बाहेर जात असन, दुसरं काय!"

मालक वामनराव काळजीत पडले. दिवसपाळीचा चौकीदार बाबुलाल बावीस वर्षांचा जुना, पण कॉम्प्युटर नवा, म्हणून भरवसा कॉम्प्युटरवर. शिवाय त्याच कॉम्प्युटरात चंद्रशेखरांची हजेरी सकाळी साडेसहाची निघाली होती आणि परवाच त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला होता. बाबुलालला खुलाशासाठी संध्याकाळपर्यंत मुदत मिळाली. नाही तर नोकरी गेली.

प्रोग्राम लिहिणारी प्राची यवतमाळहून धावत आली.

"काका, खरंच रात्री उघडता?"

"रात्री मी घरी घोरून राह्यलो असतो, ताई. बायकोले इचारा. ते बिचारी जागी असते."

त्यानं वही उघडली. 'पहिली गाडी, सात वीस, फाटकाचं घड्याळ.' प्रत्येक ओळीत तेच.

"फाटकाचं घड्याळ काहून लिहिता?"

"ते वीस मिनिटं पुढं ठेवलं मी. आपल्या लोकायले सात म्हटलं का सव्वासात करते. मंग कोणतं घड्याळ, ते नको लिहाले? नुसता टाइम लिहिला, तं कोणाचा समजाचा?"

प्राची वहीकडे पाहतच राहिली. सात वीसमधून वीस गेले, राहिले सात. कॉम्प्युटरात दीड. मध्ये नेमके साडेपाच तास! कॉम्प्युटर वेळ साठवत होता जगाच्या घड्याळानं, म्हणजे थंडीत लंडनला असते ती. आणि ती वाचताना आपले साडेपाच तास मिळवायचं प्राची विसरली होती. चार वर्षं इंजिनिअरिंग करून 'कोणतं घड्याळ' हे पाहायचं तिच्याकडून राहून गेलं, ते सातवी नापास माणूस बावीस वर्षं बॉलपेननं न चुकता करत होता.

चार वाजता नवा कागद निघाला. फाटक, सकाळी सात. वामनरावांनी बाबुलालचा हात हातात घेतला. मग त्यांची नजर खालच्या, हजेरीच्या ओळीवर गेली. साडेपाच तास तिथंही मिळवले गेले होते.

"चंद्रशेखर, तुम्ही बाराला येता?"

चंद्रशेखर प्राचीच्या कानाशी लागले. "ताई, माझ्यापुरतं जुनंच राहू द्या नं."

दुसऱ्या दिवशी चंद्रशेखर साहेब धापा टाकत फाटकाशी आले, तरी साडेअकरा वाजलेच.

"बाबुलाल, लिहिताना जरा सांभाळून घे, बाबा."

बाबुलालनं आयुष्यात खोटी नोंद केली नव्हती आणि कुणाचं मनही मोडलं नव्हतं. त्यानं क्षणभर विचार केला आणि सावकाश लिहिलं,

'साहेब आले, सकाळी सहा. लंडनचं घड्याळ.'