सत्यभामाबाई मोटारीतून उतरत नाहीत

अर्जुनरावांनी मोटार घेतली ती कापड पाहून.

लोणारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. तीस वर्षं धोतरं आणि लुगडी विकून त्यांच्या बोटांना एक खोड लागली होती. समोर काहीही आलं की ते चिमटीत धरून चोळून पाहायचं. खामगावच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठजींची जुनी विलायती मोटार विकायला आहे असं कळल्यावर ते तिथं गेले, मोटारीभोवती एक फेरी मारली, कापडी टपाचा कोपरा चिमटीत धरला, चोळला, उजेडासमोर धरून वीण पाहिली आणि म्हणाले, "माल अस्सल हाय." मग गादीवरून तळहात फिरवला. इंजिनाचं झाकण उघडायची त्यांना आठवण झाली नाही. टप एकदा खाली गेला की पुन्हा वर येतो का, हे विचारायची तर मुळीच नाही.

"शेठजी, इतकी झाक मोटार इकून काऊन राह्यले तुमी?"

"पोरांना दुसरी पाहिजे," शेठजी म्हणाले आणि त्यांनी लगेच चहा मागवला.

नव्या मोटारीसाठी त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, आणि अर्जुनरावांना थांबायला सवड नव्हती. कारण सत्यभामाबाईंची कंबर. त्यांचं माहेर हिवऱ्याचं. लोणारहून दहा-बारा कोस, पण मेहकरला उतरून दुसरी यष्टी धरायची, आणि दोन्हींतल्या बाकांनी जणू त्यांच्या कंबरेवरच दावा मांडलेला. तीन वर्षांपूर्वी त्या माहेराहून आल्या त्या आठ दिवस फळीवर निजून राहिल्या. पुन्हा जायचं नाव त्यांनी काढलं नाही. तक्रार केली नाही. फक्त मेहकरची गाडी घरावरून जायला लागली की त्यांच्या हातातलं सूप थांबायचं आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तसंच राहायचं. ते थांबलेलं सूप अर्जुनरावांच्या मनाला फार लागायचं.

म्हणून वैशाखातल्या एका सकाळी मोटारीची पूजा झाली, पुढे झेंडूचा भला मोठा हार बांधला गेला आणि सत्यभामाबाई माहेरी निघाल्या. निघाल्या म्हणजे आधी आत शिरल्या. मोटारीला दोनच दारं होती. मागच्या गादीवर जायचं तर पुढची गादी दुमडायची आणि उरलेल्या फटीतून अंग चोरून आत जायचं. सहदेव ड्रायव्हरनं बाहेरून आधार दिला, अर्जुनरावांनी आतून ओढलं, शेजारणीनं मागून लोटलं.

"बसल्या एकदाच्या," सहदेव घाम पुसत म्हणाला. "आता उतरतीन कशा?"

"थे हिवऱ्याले गेल्यावर पाहू," अर्जुनराव म्हणाले. "तू टप लाव वर."

टप वर येईना. खामगावहून येताना हवेसाठी म्हणून तो खाली केला होता, त्यानं तिथंच बस्तान ठोकलं होतं. तिघांनी ओढून पाहिलं. शेवटी तसंच निघायचं ठरलं, तर वाऱ्यानं सत्यभामाबाईंचा पदर डोक्यावर ठरेना. गल्लीतले वडीलधारे ओट्यांवर बसलेले. अर्जुनराव धावत दुकानात गेले आणि ठेवणीतला जरीकाठी शेला घेऊन आले. तो डोक्यावरून पक्का बांधून, उघड्या मोटारीत, हाराच्या मागे सत्यभामाबाई ताठ बसल्या. ताठ बसल्या कारण वाकता येत नव्हतं.

सुलतानपूर मागे पडलं आणि बोरखेडीच्या वेशीवर इंजिनातून वाफ निघायला लागली. मोटार थांबली. थांबली ती नेमकी वाजंत्र्यांच्या समोर. वेशीवर पाच-पन्नास माणसं उभी होती. बायकांच्या हातात आरत्या होत्या. मोटार दिसताच सनई सुरू झाली.

झालं होतं असं. बोरखेडीच्या पुंजाजींच्या सिंधूचं त्या दिवशी साडेअकराला लग्न होतं. वऱ्हाड लोणारच्याच बाजूनं यायचं होतं. नवरदेवाला वडील नव्हते, सगळा कारभार त्याच्या आईचा, अंबूबाईंचा. सोयरीक मध्यस्थानं जुळवलेली, त्यामुळे पुंजाजींनी विहीणबाईंना पाहिलं नव्हतं. ऐकलं मात्र पुष्कळ होतं. थोरल्या मुलाच्या लग्नात लाडू कडक लागला म्हणून त्या मांडवातून उठून गाडीत जाऊन बसल्या होत्या, आणि खाली उतरवायला गावच्या पाटलाला यावं लागलं होतं. कालच निरोप आला होता की विहीणबाई मोटारीनं पुढे येतील, वऱ्हाड बैलगाड्यांनी मागून.

"या, या, इहीनबाई!" पुंजाजी हात जोडून पुढे आले. मग अर्जुनरावांना नवरदेवाचे मामा समजून त्यांच्याकडे वळून म्हणाले, "या मामासाहेब!"

"आमी थे नोहो बाप्पा," अर्जुनराव म्हणाले. "गाडी तापली म्हणून थांबलो. आमाले हिवऱ्याले जायचं हाय."

पुंजाजींच्या तोंडचं पाणी पळालं. विहीण रुसणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मुलीचं लग्न म्हटलं की विहीण रुसायची आणि आपण पाया पडून समजूत काढायची, हा रिवाजच. पण ती मांडवात रुसेल असा त्यांचा हिशेब होता. वेशीवरच रुसेल असा नव्हता.

"पाह्यलं? आल्यापावली दुसऱ्या गावाले चाललो म्हणून राह्यले!" ते मागच्या मंडळींना म्हणाले. "मामासाहेब, काय चुकलं थे तं सांगा."

"अहो, मी मामा नाही."

"मामा बी रुसले वं माय!" आरतीवाली एक बाई म्हणाली आणि तिनं घाईघाईनं त्यांनाही ओवाळून टाकलं.

खरं सांगू शकणारा तिसरा माणूस म्हणजे सहदेव. तो पाणी आणायला विहिरीवर गेला होता, आणि वऱ्हाडाचा ड्रायव्हर म्हणून लोकांनी त्याला तिथूनच पंगतीत नेऊन बसवला होता. समोर जिलबी आल्यावर आपण कोण, हा प्रश्न सहदेवला पडला नाही.

"इहीनबाई, खाली उतरा न," बायकांनी विनवणी केली.

"मले उतरता येत नाही," सत्यभामाबाई खरं तेच बोलल्या.

"उतरत नाही म्हणतात! लुगडं आणा बे लवकर!"

"लुगडं कायले? कंबर धरली माह्यी."

लुगडं आलं, वर खण आला, नारळ आला. तरी विहीणबाई उतरत नाहीत म्हटल्यावर चार धडधाकट बायका पुढे झाल्या. त्यांनी दाराच्या फंदात न पडता उघड्या टपातून सत्यभामाबाईंना अलगद वर उचललं आणि खाली ठेवलं. पायाखाली पायघड्या अंथरल्या होत्या. अर्जुनरावांचा हात आपोआप खाली गेला. त्यांनी पायघडीचा काठ चिमटीत धरला आणि चोळला.

पुंजाजी लगबगीनं जवळ आले. "मामासाहेब, कापड पसंत नाही?"

"कापड चांगलं हाय हो. घट हाय. पण तुमी माह्यं ऐकून तं घ्या..."

"चांगलं म्हणाले!" पुंजाजी ओरडले. "मामासाहेबाचा राग गेला! वाजवा बे!" वाजंत्र्यांनी असा दणका दिला की अर्जुनरावांचं पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही.

मांडवात जाड गादी, पाठीला लोड. सत्यभामाबाईंना त्यावर टेकवलं गेलं. एकीनं कोमट पाण्यानं त्यांचे पाय धुतले, दुसरी पंख्यानं वारा घालायला लागली, तिसरीनं कंबरेचं ऐकलं होतं, तिनं वाटीभर तेल आणून कंबर चोळायला घेतली.

अर्जुनराव कसेबसे जवळ पोचले. "अवं, सांग न त्याइले!" ते कुजबुजले.

"मी तं पह्यलेच सांगतलं. ऐकतच नाहीत तं मी काय करू?" सत्यभामाबाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा पाय पुढे केला.

अर्जुनरावांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. दोघांना मूलबाळ नव्हतं. सत्तावीस वर्षांत सत्यभामाबाई गावातल्या कितीतरी लग्नांत पोळ्या लाटायला गेल्या होत्या, मांडवाच्या मागल्या कडेला बसून आल्या होत्या. विहिणीच्या गादीशी त्यांचा संबंध यायचं काही कारणच नव्हतं. आता त्या तिथं बसल्या होत्या, डोळे मिटून, आणि चेहऱ्यावर असं काही होतं की अर्जुनरावांना भरून आलं. खरी माणसं येईपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

खरी माणसं अर्ध्या तासात आली. अंबूबाईंना मोटार कबूल करणाऱ्यानं ऐनवेळी हात वर केले होते. त्या बैलगाडीतून आल्या, धुळीनं माखून, मध्यस्थाला शेजारी बसवून त्याची वाटभर हजेरी घेत. वेशीवर कोणी नाही. सनई नाही. त्या तशाच मांडवात आल्या आणि त्यांना आपली गादी दिसली.

"हे कोण?"

मध्यस्थानं पुंजाजींच्या कानात दोन शब्द सांगितले. पुंजाजी मांडवाचा खांब धरून खाली बसले. सनई आपोआप थांबली.

"गाडी फिरव," अंबूबाई गाडीवानाला म्हणाल्या. आवाज चढवला नाही. रुसवा आणि राग यांतला फरक मांडवातल्या प्रत्येकाला कळला. आत दारात मुंडावळ्या बांधलेली सिंधू उभी होती, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

सत्यभामाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्या उठल्या. कोणाचा हात न धरता उठल्या.

"या इहीनबाई," त्या म्हणाल्या. "मी पोरीची आत्या, लोणारची."

"आत्या? अन् इहिनीच्या गादीवर?"

"माह्यी कंबर मोठी वंगाळ हाय. म्हटलं, आपण बसून पाहावं. मले टोचलं नाही तं कोणालेच टोचाचं नाही. तुमच्या पाठीले खडा लागला असता तं आमची काय इज्जत राह्यली असती?" मग वळून त्या बायकांवर ओरडल्या, "अन् मी सांगतलं नोहोतं का, लोड टणक हाय म्हणून? बदला न! पाणी बी जरासक जास्त ऊन होतं. थंड घाला त्याच्यात."

अंबूबाईंनी आजवर पुष्कळ लग्नांत खोड्या काढल्या होत्या. पण आपण खोडी काढायच्या आत कोणी ती काढून दुरुस्त करतंय, असं त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

"माह्यी बी कंबर गेली बाई," त्या शेवटी म्हणाल्या. "त्या गाडीनं हाडं खिळखिळी केली."

"तं आता गाडीत बसाचंच नाही. तुमच्याचसाठी मोटार आणून ठेवली हाय बाहेर. नवरा-नवरी, तुमी, सगळे तिच्यातच जा."

अर्जुनराव दचकले. पण सत्यभामाबाई खाली बसून अंबूबाईंचे पाय स्वतःच्या हातांनी धूत होत्या, आणि सिंधू डोळे पुसून हसत होती, तेव्हा दचकून उपयोग नव्हता.

साडेअकराचं लग्न साडेअकराला लागलं. अर्जुनरावांना अंतरपाटाचं एक टोक धरायला दिलं गेलं. मंगलाष्टकं संपेपर्यंत ते त्यांनी चोळून पाहिलं आणि कापड कमी प्रतीचं असूनही कोणाला काही सांगितलं नाही.

ऊन कलल्यावर वऱ्हाड निघालं. सहदेवनं इंजिनात दोन घागरी पाणी ओतलं. टपाच्या जागी मोटारीवर मांडवाचंच कापड चार काठ्यांना बांधून छप्पर केलं. पुढे सहदेव आणि नवरदेव, मागे अंबूबाई आणि सिंधू.

"पाठराखीण कोण येते पोरीसंग?" अंबूबाईंनी विचारलं. नवी नवरी सासरी जाते तेव्हा माहेरची एक वडीलधारी बाई सोबतीला जाते, ती कोण, असं विचारणं होतं. पुंजाजींनी बायकोकडे पाहिलं. सिंधूनं कोणाकडेच पाहिलं नाही. सकाळपासूनची ओळख, पण तिनं सत्यभामाबाईंचा पदर मुठीत धरून ठेवला होता.

"आत्याच येतीन," अंबूबाईंनी निकाल दिला. "दुसऱ्या कोणाले गादीतलं काही समजत नाही."

त्याच चार बायका पुढे आल्या. छपराचं कापड जरा बाजूला झालं आणि सत्यभामाबाई वरून आत गेल्या.

"अन् मी?" अर्जुनरावांनी विचारलं.

"तुमी हिवऱ्याले जा न. भाऊ वाट पाहून राह्यला असन," त्या म्हणाल्या. मग जरा पुढे झुकून, त्यांच्यापुरतं म्हणाल्या, "मोटारीची गादी लय मऊ हाय हो. उतराचं मनच होत नाही."

मोटार वाफ सोडत निघून गेली. पुंजाजींनी लाडवांची करंडी अर्जुनरावांच्या हातात दिली आणि त्यांना मेहकरकडे जाणाऱ्या एका बैलगाडीत बसवून दिलं. पुढे यष्टीत ते उभ्यानं गेले.

दिवेलागणीला ते हिवऱ्याला पोचले तेव्हा मेहुणे वामनराव आख्खं घर घेऊन ओट्यावर उभे होते. मोटार बघायला शेजारीही जमले होते.

"भाऊजी! पायी? अन् मोटार?"

"गेली लग्नात."

"अन् अक्का कुठी हाय?"

अर्जुनरावांनी करंडी ओट्यावर ठेवली, दोन्ही हात कंबरेवर ठेवून पाठ सरळ केली. "लेकीले सासरी पोचवाले गेली थे."

वामनराव ओट्यावरून खाली उतरले. "लेकीले? कोणाच्या लेकीले?"

"आमच्या," अर्जुनराव म्हणाले आणि त्यांनी करंडीवरचं फडकं काढलं. "घ्या, तोंड गोड करा."