रामगोंडाची हवेची पकड

"आता फळी धरायला माणूस नको!" रामगोंडानं फोनवर मेव्हण्याला ठणकावून सांगितलं, आणि तिथंच घोटाळा झाला.

कुपवाडला त्याचं लाकडी पाट्या कोरायचं छोटं वर्कशॉप. रामगोंडा मशीन चालवणार, आकाराम फळी धरणार. मिसरूड फुटल्यापासूनची जोडी! पण हल्ली आकारामचे हात थरथरायला लागले होते. कप तोंडाशी पोचेस्तोवर अर्धा चहा शर्टावर! एक दिवस याचं बोट पात्याखाली जाणार, या धास्तीनं रामगोंडाची झोप उडाली. पण 'तू धरू नकोस' हे तोंडावर सांगायचं कसं?

मग त्यानं डोकं लढवलं. भंगारातल्या फ्रीजचा कॉम्प्रेसर आणला, एका पेटीच्या झाकणाला भोकं पाडली, भोकांभोवती गोल रबर लावलं. कॉम्प्रेसर पेटीतली हवा ओढणार, वरची फळी घट्ट चिकटणार. मग जड मशीन आकारामनं दोन्ही हातांनी दाबून चालवायचं. बोटं पात्यापासून लांब!

बेत राहिला पोटात आणि फुशारकी तेवढी बाहेर आली. चहा घेऊन दारात आलेल्या आकारामनं नेमकी तीच ऐकली. कप खाली ठेवून तो आल्या पावली घरी गेला.

रामगोंडाला पत्ताच नाही! उकाड्यानं सदरा काढून तो पेटीशी झटत होता. तेवढ्यात लाईट गेली. हवा ओढायची पलीकडची नळी ढिली वाटली म्हणून तो पेटीवर पालथा पडून ती आवळायला लागला. बटण चालूच! आणि लाईट आली.

फस्सक्! बिनतेलाच्या तव्याला धपाटं चिकटावं तसं पोट पेटीला चिकटलं! बटण भिंतीवर, हात पोचेना.

"आकाराम! आरं ये आकाराम!"

आला शेजारच्या शेडमधला उदयसिंह. त्याला वाटलं, करंट लागला. त्यानं लाकडी दांडकं उचललं आणि रामगोंडाच्या पाठीत घातलं.

"मारू नगं रं! शॉक न्हाई, चिकटलोय!"

"कशाला?"

"हवेला!"

दांडकं टाकून उदयसिंह थेट आकारामच्या घरी पळाला. "आवं आकाराम, रामगोंडा हवेला चिकटलाय! डोकं फिरलंय त्याचं!"

आकाराम धापा टाकत आला आणि त्यानं आधी बटण बंद केलं. रामगोंडा सुटला. पोटावर भाकरीएवढा लालभडक गोल!

"माणूस नको म्हनलास न्हवं?" आकाराम म्हणाला.

"आरं, तुझ्यासाठीच केलंय हे!" रामगोंडा पोट चोळत म्हणाला. "फळी ही धरंल. मशीन तू चालव."

आकारामनं पेटीच्या भोकांवरनं बोट फिरवलं. "मग तसं बोलायचं की, गड्या."

दोघांनी 'गुणमाला सदन' अशी पाटी कोरायला घेतली. फळी केसभरसुद्धा हलली नाही! आकारामनं सगळा जोर लावून मशीन दाबलं. तरी काने ओढ्यासारखे वळत गेले आणि 'ला' पार लटपटला. मशीन बंद करून त्यानं हात मांडीखाली दाबून ठेवले.

"फळी धरली रं हिनं. माझा हात कोन धरनार?"

आकाराम डबा उचलून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

पाटी न्यायला स्वप्नाली आली. गुणमाला तिची आई. नवी पाटी करून देतो, असं रामगोंडा सांगणार, तोच ती म्हणाली, "काका, कसली भारी अक्षरं! आईच्या हातची वाटतात, तीही अशीच लिहायची. हीच न्हेते!"

रामगोंडानं गाडीला किक मारली ती आकारामच्या दारात थांबवली. आकाराम खाटेवर बसला होता.

"आकाराम, पाटी लय आवडली! आईचं अक्षर हाय म्हनली!"

आकाराम हसला. "तुला खोटं बोलायला कवा जमलंय का रं?"

"आईची आण!"

"बरं, बरं."

"देवाशपथ! चल, तिलाच इचार!"

तो जितक्या शपथा घेई, तितका आकारामचा विश्वास उडत गेला. शेवटी आकारामच त्याच्या पाठीवर थरथरता हात ठेवून त्याची समजूत घालायला लागला.