हलक्या बाजूचे आण्णा

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील, ओळी वर-खाली गेल्या असतील, त्याबद्दल माफ करा. पण आमचे घरमालक रंगाआण्णा यांच्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि लिहिणारं दुसरं कुणी दिसत नाही.

आण्णा कुठल्याही लग्नाला गेले की आधी जेवणाकडे बघत नाहीत, नवरीकडेही नाही. दारात उभे राहून खुर्च्या बघतात. नवरीकडची माणसं कमी असली तर तिकडे बसतात, नवरदेवाकडची कमी असली तर तिकडे. आमंत्रण कुणाचं का असेना. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात ते नवरीच्या मावश्यांमध्ये जाऊन बसले. पुतण्या बाशिंग सावरत आला. "काका, तुम्ही आमच्याकडचं हायसा की!"

"तुझ्याकडं लई हायत," आण्णा जागचे हलले नाहीत. "हिकडची बाजू हलकी पडलीया."

त्यांचा धंदा तराजू दुरुस्तीचा. हल्ली सगळीकडे आकडे दाखवणारे काटे आले, तरी आण्णा रोज दुकान उघडतात आणि रिकाम्या तागड्या पुसतात. 'काटा मधी आला पायजे' हे त्यांचं बोलणं सगळ्याला लागू. रिक्षात एका अंगाला जाड माणूस बसला तर त्याला सरकायला लावतात. माझ्या दोरीवरची धुणीसुद्धा सोडत नाहीत. "शालन, सगळी लुगडी एका टोकाला घातलीस. दोरीला काय वाटत आसंल?" दोरीला काय वाटतं ते मला आजवर कळलेलं नाही, पण मी लुगडी सरकवते.

आमच्या वरच्या मजल्यावर कॅलम आणि मार्शा भाड्याने राहायला आले आणि मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला जाऊ लागले. कॅलम स्कॉटलंडचा. एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पंपांचं ओतकाम तपासायला आलेला. मार्शा त्याच्याच शहरात वाढली, पण तिचे आईवडील जमैकाचे. जमैका कुठे, मला माहीत नव्हतं. आण्णा म्हणाले, "वेस्ट इंडीज गं. किरकेटवाली." तेव्हापासून मार्शा जिन्यात दिसली की ते तिला बॉलिंगबद्दल विचारत. तिनं जन्मात बॉल हातात धरला नव्हता. पण ती मराठी शिकली ती आमच्या गल्लीत, म्हणून उत्तर द्यायची, "न्हाय हो आण्णा, खांदा दुखतोय."

त्यांचं कागदावरचं लग्न तिकडेच झालं होतं. समारंभ राहिला होता. मार्शाची आई रोज फोनवर म्हणायची, बोकड शिजल्याशिवाय ते लग्न कसलं? हे मार्शाने मला सांगितलं तेव्हा ती बाई इथलीच कुणीतरी वाटली. शेवटी ठरलं, राजारामपुरीतला लहान हॉल घ्यायचा आणि दोन्हीकडच्या रीती करायच्या. दोन्हीकडच्या म्हणजे स्कॉटलंडच्या आणि जमैकाच्या. कोल्हापूरच्या कुणी धरल्या नव्हत्या.

कॅलमची माणसं आली. आईबाप, चुलता, मित्र. मार्शाचे वडील वारलेले. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ती येणार नव्हतीच. तिनं रममध्ये भिजवलेल्या मनुकांचा काळा केक कॅलमच्या आईबरोबर पाठवला. पण मार्शाचा भाऊ यायचा होता, त्याचा व्हिसाच आला नाही. मार्शा जिन्यात बसून मला म्हणाली, "अक्का, माझ्या बाजूला उभं राहायला कुणीच नाही. नकोच तो समारंभ. जेवण करू आणि घरी येऊ."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. खालच्या पायरीवर आण्णा तेलाची डबी घेऊन उभे होते, दाराच्या बिजागरीला तेल घालायला आलेले. ते तसेच उलटे खाली गेले. संध्याकाळी मला विचारलं, "तिला भाऊ एकच काय गं?"

"एकच."

"हं," म्हणाले आणि तागडी पुसत बसले.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये काय चाललं होतं ते मला निम्मं कळलं नाही, आणि शेजारी बसलेल्यांना माझ्याहून कमी. कॅलम त्यांच्याकडचा चौकड्यांचा घोळदार घागरा, त्याला ते किल्ट म्हणतात, आणि लांब मोजे घालून आला. गल्लीतली माणसं पंख्याकडे बघू लागली. कोडोलीचे निवृत्त सुभेदार, फौजेत पिशवीचा बाजा, म्हणजे बॅगपाइप, वाजवायचे, त्यांना बोलावलं होतं. ते ओरडले, "हसायचं न्हाय! हा मर्दाचा पोशाख हाय!" मग बाजा सुरू झाला आणि बोललेलं कुणालाच ऐकू येईना.

आण्णा दारात उभे राहून खुर्च्या बघत होते. फौंड्रीतले झाडून सगळे कॅलमकडे बसलेले. मार्शाकडच्या खुर्च्या मोकळ्या. आण्णांनी हात वर केला. "चला रे, उठा! हिकडं बसा!" गल्ली उठली, तिच्याबरोबर फौंड्रीही उठली. आता कॅलमचे आईबाप तिकडे एकटे राहिले आणि घाबरून इकडेतिकडे बघू लागले. आण्णांनी निम्म्यांना परत पाठवलं. "तू जा. तू जाडा हायस, तू नक्की जा." खुर्च्यांचा असा आवाज झाला की सुभेदारांचा बाजा थांबला.

लग्न कॅलमचा चुलता लावत होता. तो एक वाक्य बोलून थांबला की मागच्या बायका अक्षता टाकत. त्यांना वाटे, झालं. तो पुन्हा बोले, पुन्हा थांबे, पुन्हा अक्षता. बिचाऱ्याच्या चष्म्यावर तांदूळ साठले. मी माझ्या मुठीतल्या अक्षता शेवटासाठी राखून ठेवल्या होत्या, पण शेवट कुठला हेच समजेना.

मग स्कॉटलंडच्या रीतीनं दोघांचे हात एकमेकांत धरून बांधायचे होते. एक पट्टी कॅलमच्या घराण्याच्या चौकड्यांची, दुसरी मार्शाच्या आईनं पाठवलेली, जमैकाच्या झेंड्याच्या रंगांची, हिरवी-पिवळी-काळी. कॅलमच्या आईनं त्यांची पट्टी बांधली. चुलत्यानं इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि मार्शाच्या पट्टीकडे बोट केलं. कुणी उठलं नाही. मार्शाने मान खाली घातली.

आण्णांना इंग्रजीचं अक्षर येत नाही. पण ते उठले, टोपी सरळ केली आणि पुढे जाऊन उभे राहिले. "मी हाय."

फौंड्रीतल्या एका साहेबानं विचारलं, "तुम्ही कोण म्हणून सांगू?"

"भाऊ. थोरला."

हॉलमध्ये हशा पिकला. मागून एक जण ओरडला, "आण्णा, जमैकाला कवा गेलतासा?" आण्णांनी ढुंकूनही बघितलं नाही. पट्टी घेतली, दोन्ही टोकं सारखी करून बघितली आणि गाठ बांधली. मार्शा रडत होती का हसत होती, सांगता येत नव्हतं.

इथवर बरं चाललं होतं. पण आण्णा भाऊ झाले म्हटल्यावर भावाचं काम अर्धं कसं सोडतील? त्यांनी हात वर नेला आणि कॅलमचा उजवा कान धरून चांगला पिळला. आपल्यात नवरीचा भाऊ कानपिळी करतो आणि नवरदेव त्याला मान म्हणून कपडे-पैसे देतो, हे स्कॉटलंडला कोण सांगणार? कॅलम ओरडला. हात बांधलेले, त्यामुळे कान चोळताही येईना. त्याची आई ताडकन उभी राहिली. सुभेदारांना वाटलं हीच वेळ, त्यांनी बाजा सुरू केला. आण्णा त्या आवाजावर ओरडत होते, "माझ्या भणीला नीट सांभाळायचं! आन् माझा मान कुठं हाय?"

घागऱ्याला पुढे केसाळ पिशवी असते. साहेबानं 'पैसे मागतायत' एवढं सांगितलं, तेव्हा कॅलमच्या मित्रांनी ती उघडून दाखवली. रिकामी होती.

"ऱ्हाऊ दे," आण्णा म्हणाले. "उधार."

तेवढ्यात मी माझ्या अक्षता टाकल्या. माझ्यापुरतं लग्न तेव्हा लागलं.

बोकड मार्शानं आणि मी मिळून शिजवला होता. तिचे लवंगेच्या वासाचे काळे दाणे आणि माझं कांदालसूण तिखट एकाच पातेल्यात गेलेलं. दोन्हीकडची माणसं घामाघूम होऊन वाढा म्हणत होती. आण्णा मात्र कमी जेवले.

भांडी आवरताना ते माझ्याजवळ येऊन बसले. "आमच्या सुशीचं लगीन कबनूरला झालं," अचानक म्हणाले. त्यांना बहीण आहे हे मला ठाऊकच नव्हतं. "मागावर कापड इणणाऱ्याशी केलं तिनं, आपल्यातला न्हवता. बा म्हणला, त्या मांडवात कोण जायाचं न्हाय. कोण गेलं न्हाय."

"तुम्हीपण नाही?"

"गेलतो. रस्त्याच्या पलीकडं हुबा ऱ्हायलो. तिच्या बाजूच्या सगळ्या खुर्च्या मोकळ्या. एकसारकी मागं वळून बघत हुती." त्यांनी एक ताट उचलून पुसलं. "बा गेल्यावर तरी जायाचं हुतं. कुठल्या तोंडानं जाऊ?"

दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना मार्शाला कानपिळीची रीत नीट समजावून सांगितली. मी कुणाला काही सांगायला जात नाही, पण आण्णांचा मान उधार राहिलाय हे सांगितलं.

पुढच्या रविवारी कॅलम खाली आला. हातात टॉवेल, टोपी, धोतरजोडी आणि पैशांचं पाकीट. सगळं आण्णांच्या हातात दिलं आणि वाकून डावा कान पुढे केला. "हा राहिला," मराठीत म्हणाला.

आण्णांनी तोही पिळला, जरा हळू. "आता काटा मधी आला."

सोमवारी त्यांनी दुकान उघडलं नाही. नवी टोपी घालून, ते पाकीट खिशात ठेवून कबनूरच्या एसटीला गेले. मी दिवसभर दाराकडे बघत होते. दिवेलागणीला आले. पायरीवर बसले, टोपी काढली. डावा कान लालबुंद झालेला.

"आण्णा, कान?"

"सुशीनं." मला वाटलं रागावले असतील, पण ते हसत होते. "म्हणलं, भाऊ पिळतो, बहीण न्हाय. तर म्हणली, आमच्यात बहीणच पिळती, आजपास्नं."

"आणि पाकीट?"

"तिचा आहेर ऱ्हायलाता की गं. त्यात माझं घालून दिला. तिच्या हातात. सगळं देणं फिटलं." त्यांनी दुसऱ्या, न दुखणाऱ्या कानावरून हात फिरवला. "पर हा ठेवलाय तिनं. भाऊबीजेला ये म्हणली."