आधी जुना माल

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद टेबलावर सरकवला. "मोतीबिंदू पिकलाय, काढायलाच हवा. पण साखर दोनशे दहा. एवढ्या साखरेवर मी डोळ्याला हात लावत नाही. दीडशेच्या खाली आणा. सहा आठवडे आहेत हातात. ही तारीख हुकली, तर माझ्याकडची पुढची तारीख आठ महिन्यांनी."

आठ महिने ऐकून शिवणबाईंचा चेहरा उतरला. मुलींच्या शाळेत त्यांनी एकोणतीस वर्षं शिवण शिकवलं होतं, म्हणून आळीतले सगळे त्यांना शिवणबाईच म्हणत. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या डोळ्यांपुढे असं धुकं साचलं होतं, की सुईत दोरा ओवायलाही नवऱ्याला हाक मारावी लागे. पेपर तेच वाचून दाखवत, औषधाच्या बाटलीवरचं तेच वाचत, मुलीने फोनवर पाठवलेला निरोपही तेच वाचत. आणि वाचताना त्यांना जेवढं महत्त्वाचं वाटे तेवढंच वाचत. मुलीचा हातभर लांबीचा निरोप त्यांच्या तोंडून "सगळे मजेत आहेत" एवढाच होऊन बाहेर पडे. शिवणबाईंना बाकी कशाहीपेक्षा हे जास्त लागे.

नवरा यंत्रांच्या एका कारखान्यात सुट्या भागांची कोठी सांभाळून निवृत्त झालेला. चौतीस वर्षं. तिथे त्यांना कोठीसाहेब म्हणत. निवृत्तीनंतर कारखान्याने कोठी ठेवून घेतली, पण साहेब घरी आले ते तसेच आले.

घरी पोचल्या पोचल्या शिवणबाईंनी कापडी पिशवी काढली आणि स्वयंपाकघरातल्या कपाटापुढे उभ्या राहिल्या. "आजपासून ह्या घरात साफ खायचं, ताजं आणि बिनसाखरेचं. बिस्किटं, जॅम, केक, सगळं ह्या पिशवीत भरा आणि देऊन टाका कुणाला तरी."

"कुणाला?"

"कुणालाही. खालच्या मजल्यावर द्या."

"आणि त्यांची साखर वाढली म्हणजे?" कोठीसाहेबांनी पिशवी हळूच काढून घेतली. "अगं, माल असा घाबरून बाहेर फेकत नसतात. आधी मोजायचा. मग लावायचा. जो आधी आला, तो आधी बाहेर. जुना संपल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही. ह्या एका नियमावर मी चौतीस वर्षं काढली. एक खिळा गंजू दिला नाही."

"मी खिळे खायचं म्हणत नाहीये."

"तत्त्व तेच आहे. पंधरा दिवसांत जुना माल संपवू, कपाट रिकामं करू, मग चार आठवडे नुसतं साफ."

हिशेब कागदावर बरा दिसत होता, आणि कागद शिवणबाईंना दिसत नव्हता. त्यांनी मान हलवली.

कोठीसाहेबांनी त्या दुपारी कपाट रिकामं केलं. बिस्किटांचे अकरा पुडे, जॅमच्या चार बरण्या, शेवयांसारख्या झटपट नूडल्सची पाकिटं, गोड पेयाच्या पावडरीचे दोन डबे, मुलीने आणलेला सुकामेव्याचा केक आणि एक चॉकलेटचा खोका, जो कुणी दिला ते दोघांनाही आठवेना. सगळं तारखेप्रमाणे रांगेत लावलं. सकाळीच बाजारातून आणलेली पालकाची जुडी, काकड्या, गाजरं आणि मूग अर्थातच रांगेच्या शेवटी गेले, कारण ते शेवटी आले होते.

"अहो, पालक आहे तो. तो थांबत नाही."

"रांग मोडली की कोठी मोडली," साहेब म्हणाले.

मग त्या घरात असं साफ खाणं सुरू झालं, की आजवर तिथे कुणी तसं खाल्लं नव्हतं. सकाळी पाव आणि जॅम, कारण जॅम सगळ्यांत जुना. दुपारी नूडल्स. चारच्या चहाला आधी दोन बिस्किटं पुरत, आता सहा लागत, नाहीतर पंधरा दिवसांचं गणित बसेना. शिवणबाई सहाव्या बिस्किटाला कुरकुरत.

"पुरे झालं."

"आणखी एक. आजचा वाटा आहे तो. कपाट रिकामं व्हायला हवं ना तुला?"

पालकाचा नंबर दहाव्या दिवशी लागला. तोवर तो पिवळा पडून चिकट झाला होता. कोठीसाहेबांनी त्याची भाजी केली आणि दोघांनी ती शांतपणे खाल्ली. त्या दिवशी बाजारातून आलेला ताजा पालक फ्रीजमध्ये आपली पाळी येण्याची वाट बघत पिवळा पडू लागला.

तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा पाहिला. "दोनशे अडतीस. आजी, तुम्ही नक्की खाताय काय?"

"साफ खातोय," शिवणबाई म्हणाल्या.

"म्हणजे काय काय?"

"सध्या जुना माल चाललाय," कोठीसाहेबांनी खुलासा केला आणि रांग, तारखा, जॅम, सगळं नीट समजावून सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. झाल्यावर चष्मा काढून पुसला.

"आजोबा, त्या कपाटातला एकही कण आजपासून ह्यांच्या तोंडात जाता कामा नये. तीन आठवडे उरलेत. ह्यांना डोळा हवा असेल, तर ह्यांनी फक्त ताजं खायचं. तुमच्या मालाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा."

दोघं परत आली. फाटकापाशी शिवणबाई थांबल्या. "मला पोरीचे निरोप स्वतः वाचायचेत," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडून नाही. आठ महिने मी नाही थांबणार."

हे कोठीसाहेबांच्या वर्मी लागलं. घरात शिरताच ते म्हणाले, "ठरलं. तू ताजं खा. माल मी एकटा संपवतो. माझी साखर कधी वाढली नाही."

"कधी तपासलीत?"

"वाढलीच नाही, तर तपासायची कशाला?"

मग एका टेबलावर दोन पानं वाढली जाऊ लागली. शिवणबाईंच्या पुढ्यात मोड आलेले मूग, गाजराचं सूप, काकडी. साहेबांच्या पुढ्यात नूडल्स आणि वर जॅम लावलेला पाव. ते तक्रार करत नसत. सकाळी शिवणबाई अंगणात फेऱ्या मारायच्या, तेव्हा ते खुर्चीत बसून केक उरकत. हे काम होतं आणि कामाला ते कधी मागे सरले नव्हते.

फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात येईना. माल संपत नव्हता. पंधरवडा होत आला तरी बिस्किटांचे नऊ पुडे कपाटात होतेच.

उलगडा एका सकाळी झाला. साहेब अंघोळीला गेलेले, फोन वाजला, शिवणबाईंनी उचलला. कोपऱ्यावरचा दुकानदार होता.

"बाई, बिस्किटं सहा पाठवू की नेहमीप्रमाणे आठ? आणि जॅम आंब्याचा संपलाय, स्ट्रॉबेरीचा चालेल का विचारा साहेबांना."

"कसली बिस्किटं? आम्ही बिस्किटं बंद केलीत."

दुकानदार गोंधळला. "बंद? साहेबांनी परवाच फोन केला होता. तसा दर चार दिवसांनी असतोच की त्यांचा."

साहेब टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले, तर शिवणबाई कपाटापुढे खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"दुकानदाराचा फोन होता. बिस्किटं सहा की आठ विचारत होता."

"आठच," साहेब सवयीने म्हणाले आणि मग थबकले.

शिवणबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. डोळे धूसर असले तरी त्यांच्या बघण्यात काही कमी पडत नव्हतं.

साहेबांनी कपाट उघडलं. आतल्या प्रत्येक फळीवर त्यांनीच निवृत्तीच्या वर्षी लाल रंगाची रेघ मारलेली होती. माल रेघेच्या खाली गेला, की मागणी करायची. कारखान्यात तसंच असे. रेघ दिसली की पाय फोनकडे वळत, तोंड मागणी सांगे, हात आलेला माल फळीवर लावत आणि डोक्याला त्यातलं काही कळतही नसे.

"म्हणजे मीच मागवत होतो?" ते खाली बसले. "मीच खात होतो आणि मीच मागवत होतो?"

"आणि मी रोज सकाळी मूग चावताना मनात म्हणत होते, बिचारे माझ्यासाठी किती सोसतायत."

"सोसलं नाही असं म्हणू नकोस. ह्या पंधरवड्यात मी जेवढा जॅम खाल्ला तेवढा सगळ्या जन्मात नसेल खाल्ला."

शिवणबाईंना हसू फुटलं. पण त्यांनी ते आवरलं, दुकानदाराला फोन लावला आणि साहेबांच्या तोंडून आलेली मागणी यापुढे घ्यायची नाही अशी ताकीद दिली. मग पुन्हा कापडी पिशवी काढली. साहेबांनी पुन्हा ती धरली.

"नाही. आता इरेला पडलोय. मी मागवलाय, मीच संपवीन. डोळा घेऊन घरी येशील, तेव्हा ह्या कपाटात हिरव्याशिवाय काही दिसायचं नाही तुला. सहा दिवस दे मला."

त्यांचा आवाज असा लागला होता, की शिवणबाईंनी पिशवी सोडली. त्या सहा दिवसांत साहेबांनी काय काय आणि किती खाल्लं ते लिहीत बसण्यात अर्थ नाही. शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी चॉकलेटचा खोकाही संपवला आणि रिकामी फळी ओल्या फडक्याने पुसून काढली. उठताना त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला.

शिवणबाईंची साखर एकशे बेचाळीस निघाली. डॉक्टरीणबाईंनी पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन केलं. पाऊण तासात सगळं आटोपलं. पुढच्या सकाळी पट्टी काढायला दोघं दवाखान्यात हजर झाली.

पट्टी निघाली. शिवणबाईंनी डोळा दोनतीनदा मिटला, उघडला.

"काय दिसतं ते सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तो अक्षरांचा फळा दिसतोय. खालची बारीक ओळसुद्धा. तुमच्या कानातलं दिसतंय. खिडकीच्या काचेवर बोटांचे डाग आहेत."  मग त्या बाजूला वळल्या आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या.

कोठीसाहेब हसले. "ओळखलंस का?"

"आवाजावरून ओळखलं," शिवणबाई म्हणाल्या. "अहो, हे काय करून घेतलंत? शर्टाची दोन बटणं लागत नाहीयेत. आणि गळ्याखाली हा दुसरा गळा कधी आला?"

"शर्ट आटलाय. धुऊन धुऊन."

"मी शिवलाय तो. आटणाऱ्या कापडाला मी कात्री लावत नाही."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची मागे सरकवली आणि साहेबांकडे नीट पाहिलं. मग परिचारिकेला खूण केली. "आजोबा, बोट पुढे करा."

"कशाला? पेशंट ती आहे."

"बोट."

परिचारिकेने टोचलं. छोट्याशा यंत्रावर आकडा उमटला. दोनशे एकाहत्तर. डॉक्टरीणबाईंनी खणातून जाड अक्षरांत छापलेला एक कागद काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "ह्यात सगळं दिलंय. काय खायचं, काय नाही. महिनाभर हेच, आणि रोज चालायचं. वाचा आणि घरी लावून ठेवा."

साहेबांनी कागद हातात घेतला, वरखाली नजर टाकली आणि घडी घालून खिशात ठेवायला लागले. "काही विशेष नाही. बेतानं खा म्हणतायत."

"बघू," शिवणबाईंनी हात पुढे केला.

"तुझ्या डोळ्याला ताण नको."

"वाचायची काच द्या हो जरा," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासणीच्या चष्म्याची चौकट त्यांच्या नाकावर ठेवली, एक काच बसवली. शिवणबाईंनी कागद उलगडला, मांडीवर शाळेतल्यासारखा सरळ केला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"बिस्किटं बंद," त्यांनी वाचलं. आवाज वर्गात घुमायचा तसा खणखणीत. "केक बंद. जॅम बंद. गोड पेयं बंद. तळलेलं बंद. पांढरा पाव बंद." प्रत्येक शब्दावर त्या थोडं थांबत होत्या, जसं कुणी फार दिवसांनी भेटलेल्या माणसाचा हात सोडत नाही. "नूडल्स बंद, आणि पुढे कंसात, कोणत्याही कारणाने."

कोठीसाहेब जमिनीकडे बघत होते. दारातून परिचारिका डोकावली. "बाई, बाहेर पुढचे पेशंट खोळंबलेत."

"येतेच," शिवणबाई म्हणाल्या आणि कागद उलटला. "मागची बाजू राहिलीय अजून."