फोटोवर पंजा ठेवणारे घरतभाऊ

एक्स-रे काढला की पडद्यावर फोटो उमटायच्या आत घरतभाऊ त्यावर आपला पंजा ठेवत. उघडा राहायचा तो फक्त कोपऱ्यातला आकडा. मशीनवर किरण किती पोचले ते तो आकडा सांगतो. तो मनासारखा असला तरच पंजा हटायचा.

"अहो, आधी फोटो तरी बघा!"

"थोबाड बगून सून करशील काय, बाय?"

खारघरच्या एका हॉस्पिटलात आम्ही दोघं एक्स-रे टेक्निशियन. घरतभाऊ उरणकडचे आगरी. आवाज असा, की त्यांनी "श्वास रोका!" म्हटलं की बाहेर बाकावर बसलेलेही श्वास रोखून धरत.

मी तेव्हा पंचेचाळिशीची. केसांना मेंदी आणि डोक्यात हवा. फिल्मच्या काळात किरण जास्त झाले की फिल्म काळीठिक्कर पडायची, चूक लपत नसे. डिजिटल मशीन मात्र जास्तीचं सगळं सावरून घेतं. फोटो उलट अधिकच देखणा दिसतो. किरण कमी पडले तरच चुगली होते, फोटोवर रव्यासारखे दाणे उठतात. म्हणून किरण देताना मी आपली हात सैल सोडायची, आणि डॉक्टर "वा!" म्हणाल्या की दिवसभर मिरवायची. मशीनच्या मेकअपवर नटलेली बाई मी!

"फोटो गोरा आला," घरतभाऊ नाक मुरडत, "पन पोराच्या अंगात किती गेलं, ते कोन बगनार?"

उरणजवळच्या मोऱ्याहून तन्वी यायची, आईचं बोट धरून यायची तेव्हापासून. पाठीचा कणा वाकत चालला होता, म्हणून दर काही महिन्यांनी एक्स-रे. आली की थेट विचारायची, "घरतआजा हायेत?" तिच्या वेळी मशीनला मी हात लावायचा नाही. घरतभाऊंचा तो आवाज एकदम खाली यायचा. "आलीस गो बाय? जवला खाल्लास का?" आणि दर खेपेला किरण आणखी जरासे कमी.

एकदा फारच कमी केले. खाली आलेला आकडा बघून खूश झाले, पंजा हटवला, तर फोटोभर रवा.

डॉक्टर म्हणाल्या, "मणक्यांच्या कडाच दिसत नाहीत, घरत. वाक मोजू कशी? पुन्हा काढा."

पुन्हा म्हणजे पोरीच्या अंगात पुन्हा किरण. घरतभाऊ मटकन खुर्चीत बसले. "वाचवायला गेलो नि दोनदा दिलं," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "बाय, तू काढ. हिच्यासाठी माजा हात कंजूस होतो."

मी काढला. आकडा नेमका आला, कडा स्वच्छ.

डॉक्टरांनी वाक मोजला. वाढला नव्हता. पोरीची उंचीही वाढायची थांबली होती. "आता एक्स-रे नकोत," त्या म्हणाल्या. "काही त्रास झाला तरच या."

"सुटली रे सुटली!" घरतभाऊंची आरोळी वरच्या मजल्यापर्यंत गेली असणार. तन्वीला फाटकापर्यंत सोडायला ते स्वतः गेले. "परत यायचं नाय हां," तिला दटावत होते. "बिलकुल नाय."

रिक्षा वळून दिसेनाशी झाली तरी ते तिथंच उभे.

"चला घरतभाऊ, पेशंट खोळंबलेत."

"तू हो म्होरं," ते म्हणाले. "इथं माजं नाव घेऊन येनारी ती एकलीच व्हती."