बूट घालून सोफ्यावर!

"जोडपं समोर बसलं की दोन मिनिटांत मला त्यांचा अख्खा संसार दिसतो!" असं धाकट्या मॅडम कुणालाही, अगदी न विचारतासुद्धा, सांगत. विवाह आणि कुटुंब समुपदेशनाचं शिक्षण त्यांनी पहिल्या वर्गात पूर्ण केलं होतं. मग मोठ्या मॅडमच्या हाताखाली उमेदवारीही झाली होती. आता राहिली होती शेवटची परीक्षा. एका खऱ्या जोडप्याला एकटीनं सांभाळायचं, आणि मोठ्या मॅडम शेजारच्या खोलीतून एकतर्फी काचेतून बघणार! पास झालं तर स्वतंत्र काम. नाहीतर आणखी वर्षभर दुसऱ्यांच्या मागे बसून मान डोलवायची.

"फाइल वाचून घे," मोठ्या मॅडम म्हणाल्या.

"छे! फाइल वाचली की मन आधीच एका बाजूला झुकतं. मला मन कोरं हवं."

"मन कोरं ठेव गं, पण नावं तरी बघ!"

धाकट्या मॅडम नुसत्या हसल्या. मोठ्या मॅडम काचेमागे जाऊन बसतात न बसतात तोच समुपदेशनाच्या खोलीतून आवाज आला, "बूट घालून सोफ्यावर चढता? जनाची नाही, मनाची तरी!"

धाकट्या मॅडमचे डोळे चमकले. रिसेप्शनवरची मुलगी फोन कानाला लावून हातवारे करत त्यांना काहीतरी सांगत होती, पण तिकडे लक्ष कुणाचं!

आतलं दृश्य बघून त्यांना आनंदाचं भरतंच आलं. सोफ्यावर बुटांसकट उभा एक तगडा माणूस. समोर गळ्यात टेप अडकवलेल्या, कमरेवर हात ठेवून पेटलेल्या एक बाई. आणि जमिनीवर गच्च भरलेली बॅग. म्हणजे प्रकरण घर सोडण्यापर्यंत गेलं होतं तर!

"बसा दोघंही. शेजारी शेजारी."

"अहो, मी एसी..." माणूस म्हणाला.

"एसीचं मागाहून. लग्नाला किती वर्षं झाली?"

"बारा," माणूस गडबडून म्हणाला.

"वीस," बाई म्हणाल्या.

"बघा! संसार एक, पण दोघांचा हिशोब वेगळा!"

"अहो मॅडम, ह्या माणसाला मी आज पहिल्यांदा बघतेय!"

"अगदी हेच!" धाकट्या मॅडम टाळी वाजवायच्याच बाकी होत्या. "कितीतरी जणींना वीस वर्षांनी असंच वाटतं. बोला, मन मोकळं करा."

"मी सोफ्याच्या कव्हरांची मापं घ्यायला आलेय!"

"आणि मी एसी दुरुस्त करायला!"

"पाहिलंत? नात्याचा विषय निघाला की दोघंही वस्तूंच्या आड लपता. आता एक नियम. उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं. चला!"

आवाज असा शाळेतल्या बाईंसारखा, की दोघंही निमूट बसले.

"ह्यांचं म्हणणं, मी बूट काढावेत," माणूस पुटपुटला.

"ह्यांचं म्हणणं, सोफ्यावर चढल्याशिवाय एसीला हात पोचत नाही," बाई म्हणाल्या.

"मग?"

"मग काय, काढतो बूट."

"राहू द्या हो. मी ते टेबल ओढून देते, त्यावर चढा."

धाकट्या मॅडमचा ऊर भरून आला. माणसानं बॅग उघडली. आतून कपडे निघायच्या ऐवजी पाना निघाला, स्क्रूड्रायव्हर निघाला. त्यांना जरा कसंतरीच झालं. तेवढ्यात एसी घुर्रकन सुरू झाला, गार वारा आला आणि टेबल धरून उभ्या असलेल्या बाई कौतुकानं म्हणाल्या, "मनानं चांगले आहात हो! घरी बायको सुखात असेल तुमची."

"घरी... बायको?" धाकट्या मॅडमनी विचारलं, आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

त्या धावतच बाहेर आल्या. बाकावरून एक प्रौढ जोडपं ताडकन उठलं. खरंखुरं, फाइलमधलं!

"पाऊण तास!" नवरा कडाडला. "पाऊण तास बसवून ठेवलंत आम्हाला! हा काय कारभार झाला?"

"आणि साधं कुणी येऊन सांगितलंही नाही," बायको म्हणाली. "अहो, ते भाड्याचं सांगा ना. आपण रिक्षा करून आलो ते."

"तूच सांग. तू मुद्द्याचं बोलतेस."

"मी? मुद्द्याचं?" बायको त्याच्याकडे बघतच राहिली.

एवढ्यात डोळे पुसत मोठ्या मॅडम बाहेर आल्या. काचेमागे त्या हसून हसून रडल्या होत्या.

"माझं चुकलं," धाकट्या मॅडम रडवेल्या होऊन म्हणाल्या. "मला नापास करा. आणि तुम्हा दोघांना आजच दुसऱ्या समुपदेशकाकडे..."

"दुसऱ्या कशाला?" नवरा एकदम मऊ झाला. "लग्न झाल्यापासून आमचं चहात साखर किती, ह्यावरसुद्धा एकमत झालं नव्हतं. आज सगळा वेळ आम्ही दोघं एका सुरात तुम्हाला शिव्या घालत होतो! काय बरं वाटलं!"

बायको लाजून हसली. मोठ्या मॅडमनी धाकटीच्या पाठीवर थाप मारली. "पास! पण ह्यापुढे नावं बघायची."

"पुढच्या आठवड्यात याच वेळी येऊ," बायको नवऱ्याचा हात धरून जाता जाता म्हणाली. "आणि मॅडम, तेव्हाही जरा उशीरच करा बरं का!"